मशीन एकाकडं, कसब दुसऱ्याकडं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पुण्यात एमबीए करतोय. घरचं मशीन शॉप आहे, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात. वर्गात शिकवलं की विकसनशील देशांत कारखान्यांची उत्पादकता कमी असण्याचं एक मोठं कारण म्हणजे साधनांचं चुकीचं वाटप, आणि भारताचं ४० ते ६० टक्के नुकसान त्यातून होतं. माझे वडील रोज चौदा तास शॉपमध्ये असतात. मग हे वाया जातं ते नेमकं कुठं? आमच्या गल्लीत ते दिसतं का, की फक्त आकडेवारीतच असतं?"

दिसतं. आकडेवारीपेक्षा गल्लीत जास्त स्पष्ट दिसतं, कारण आकडेवारीत तुमची गल्ली बहुतेक नाहीच. ते पुढं सांगतो.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगितलेलं बरं. अकरा वर्षं एका बँकेच्या कर्ज विभागात काढली. त्यानंतर गेली सोळा वर्षं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल इथल्या शॉपवाल्यांचे आणि फाउंड्रीवाल्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट, लिमिटचे (बँकेच्या कर्जमर्यादेचे) प्रस्ताव आणि कॉस्टिंग करतोय. त्यामुळं माझं अर्थशास्त्र पुस्तकातलं कमी आणि स्टॉक स्टेटमेंटमधलं, म्हणजे बँकेला द्यायच्या साठ्याच्या तक्त्यातलं, जास्त आहे.

तुमच्या सरांनी सांगितलेला आकडा चांग-ताई शिए आणि पीटर क्लेनो या दोन अर्थतज्ज्ञांच्या २००९ सालच्या अभ्यासातला आहे. पण तो "नुकसान" म्हणून वाचला की गडबड होते. त्यांचं म्हणणं असं: आहेत तीच मशिनं आणि आहेत तीच माणसं घ्या, अमेरिकेतल्या कारखान्यांमध्ये ती जितपत नीट वाटलेली आहेत तितपत नीट इथं वाटा, म्हणजे भारतातल्या कारखानदारीची एकूण उत्पादकता ४० ते ६० टक्क्यांनी वाढेल. चीनसाठी तोच आकडा ३० ते ५० टक्के आला. नवीन एक मशीनही न घेता.

हे मोजलं कसं? एकाच धंद्यातले कारखाने घ्यायचे आणि प्रत्येकात गुंतलेल्या साधनांच्या रुपयामागं किती मूल्य तयार होतं ते बघायचं. पैसा आणि माणसं मोकळी फिरत असती तर हा आकडा सगळीकडं साधारण सारखा आला असता. जिथं जास्त मिळतंय तिकडं पैसा गेला असता आणि तिथलं जास्तपण हळूहळू ओसरलं असतं. प्रत्यक्षात भारतात वरून दहा टक्क्यांवरचा कारखाना आणि खालून दहा टक्क्यांवरचा कारखाना यांच्यात ५ पटींचा फरक निघाला. अमेरिकेत तो ३.३ पट होता. उसाला पाणी पाजताना वरच्या सरीत गुडघाभर पाणी आणि शेवटच्या सरीत भेगा, तसं आहे हे. मोटर तीच, पाणी तेवढंच, टनेज मात्र कमी.

आता गल्लीबद्दल. ही आकडेवारी वार्षिक औद्योगिक पाहणीची, १९८७-८८ ते १९९४-९५ या काळातली. ही पाहणी तेव्हा नोंदणीकृत कारखान्यांची होती, म्हणजे वीज वापरणारे आणि दहा किंवा जास्त कामगार असलेले, विजेशिवाय चालणारे असतील तर वीस. उद्यमनगरात किंवा वाय. पी. पोवार नगरात चार-पाच माणसांवर चालणारी शॉप त्यात येतच नाहीत. खरी तहानलेली सरी तर तिथं आहे.

दोन शॉप सांगतो. दोन्ही माझ्या फायलींतली आहेत, आकडे गोल केलेत आणि ओळख पुसलीय.

पहिल्याकडं आजोबांनी घेतलेली जागा, स्वतःचं शेड, राजारामपुरीत बंगला. बंगला तारण ठेवून बँकेकडून साधारण दहा टक्के व्याजानं कर्ज. चार व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशिनं, प्रत्येकी ३५ लाखांचं, एक शिफ्ट. मी एकदा महिनाभर स्पिंडलचे तास लिहून घ्यायला लावले. स्पिंडल, म्हणजे टूल प्रत्यक्ष जॉबवर (बनवायच्या भागावर) फिरतंय तेवढाच वेळ. सरासरी एका मशीनला महिन्याला १९० तास आले. तासाला ३५० रुपये दर धरला तर ६६ हजार ५०० रुपये. ऑपरेटर, लाईट बिल, इन्सर्ट आणि इतर मिळून ३८ हजार जातात. उरले साडेअठ्ठावीस हजार. वर्षाचे ३ लाख ४२ हजार, ३५ लाखांवर. रुपयामागं दहा पैसे. म्हणजे व्याज जेमतेम निघतं.

दुसरा पूर्वी टर्नर होता. सतरा वर्षं लोकांच्या लेथवर उभा राहिला, मग भाड्याच्या शेडमध्ये १८ लाखांचं सेकंडहँड व्हीएमसी बसवलं. दोन शिफ्ट, मधल्या वेळेत स्वतः. स्पिंडल महिन्याला ५०० तास. दर तोच, कारण गिऱ्हाईक दोघांचं एकच, एका ट्रॅक्टर कंपनीचं हाउसिंग. पावणेदोन लाखांचं बिल. दोन ऑपरेटर ४४ हजार, लाईट २० हजार, टूल २० हजार, भाडं १५ हजार, कूलंट आणि दुरुस्ती १६ हजार, एकूण १ लाख १५ हजार. उरले ६० हजार, वर्षाचे ७ लाख २० हजार, १८ लाखांवर. रुपयामागं चाळीस पैसे. आणि हा माणूस पैसे कुठून उभे करतो? थोडे पतसंस्थेतून, थोडे भिशीतून, आणि उरलेले एका खासगी माणसाकडून महिना दोन टक्क्यांनी.

आता पहिल्याच्या चारातलं एक मशीन दुसऱ्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं असं समजा. दुसऱ्या मशीनवर तो चाळीस पैसे काढणार नाही, लक्ष विभागतं, तीस धरू. दहाच्या जागी तीस म्हणजे ३५ लाखांवर वर्षाला ७ लाख जास्त. कोल्हापुरात नवीन काहीही आलं नाही, फक्त मशीन दोन किलोमीटर हललं. शिए-क्लेनो हेच गणित देशभर करतात.

त्यांच्या अभ्यासातली आणखी एक बारीक गोष्ट माझ्या जास्त लक्षात राहिली. भारतात जे कारखाने मुळात जास्त कार्यक्षम होते, त्यांच्यातच रुपयामागचं मूल्य जास्त दिसत होतं. याचा अर्थ ज्याला चांगलं चालवता येतं त्यालाच साधन कमी पडतंय. चांगल्याला भरपूर मिळालं असतं तर त्याचं रुपयामागचं मूल्य बाकीच्यांच्या पातळीवर खाली आलं असतं. चाळीस पैसे ऐकायला छान वाटतात, पण ते उपासमारीचं लक्षण आहे.

मग मशीन हलत का नाही? लोक आधी आळशीपणा, प्रतिष्ठा, "मालकाला काय पडलीय" असं बोलतात. त्यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. पहिल्या मालकाला मी स्वतः विचारलं होतं, रिकामं मशीन भाड्यानं का देत नाही? त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. मशीन बँकेकडं नजरगहाण, परवानगीशिवाय शेडबाहेर नेता येत नाही. गिऱ्हाईकानं ऑडिट करून मंजूर केलेली जागा हीच, जॉब दुसरीकडं गेला की पुन्हा पीपॅप, म्हणजे नमुने आणि कागदपत्रं देऊन मंजुरीचं काम, करावं लागतं. परक्याच्या हातात मशीन दिलं आणि त्यानं स्पिंडल ठोकला तर दुरुस्ती कुणाची, यावर कागद कोण करणार? आणि विकायचं म्हटलं तर ३५ लाखांच्या मशीनला तीन वर्षांनी बाजारात निम्मेसुद्धा मिळायची खात्री नाही. हे सगळं ऐकल्यावर मी त्याला आळशी म्हणायचं सोडून दिलं.

खरी गोष्ट त्याच्याही आधी घडलेली असते, मशीन पहिल्यांदा कुणाच्या शेडमध्ये उतरलं तेव्हा. तिथं मीच होतो.

२००७ साली माझ्या टेबलावर एकाच आठवड्यात दोन प्रस्ताव आले. दोन्ही बावीस लाखांच्या मशीनसाठी. एक होता एका कुटुंबाचा, त्यांची मुख्य उलाढाल हॉटेल आणि ऊस, शॉप नवीनच. शहरात सिटी सर्व्हेचा स्वच्छ उतारा असलेली मिळकत तारणाला. दुसरा एका फिटरचा, हातात दोन कंपन्यांच्या ऑर्डरी, लेथवर बनवलेले नमुने पिशवीत घेऊन आला होता. टेबलावर ठेवले. बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, हात लावला तर काच. मी तारणाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, "साहेब, घर भाड्याचं, शेड भाड्याचं. गावाकडं दीड एकर हाय, सामाईक. बाकी माझ्याकडं हात हायत." पहिला प्रस्ताव नऊ दिवसांत मंजूर झाला. दुसऱ्यावर मी "तारण अपुरे" असा शेरा मारला. वर्षभरानं तपासणीला गेलो तेव्हा पहिल्यांच्या शेडमध्ये मशीन ताडपत्रीखाली होतं. चांगला सेटर, म्हणजे मशीनवर जॉब लावून देणारा कारागीर, मिळत नव्हता म्हणे. हप्ते मात्र वेळेवर येत होते, हॉटेलातून. बँकेच्या दृष्टीनं ते उत्तम खातं होतं.

हा शेरा चुकीचा होता असं मी आजही म्हणू शकत नाही, नियमाप्रमाणं बरोबर होता. गावाकडच्या दीड एकराचंच बघा. २००२ च्या सरफेसी कायद्यानं बँकेला कोर्टात न जाता तारण जप्त करता येतं, पण शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. म्हणून बँकेला सात-बारा नको असतो, एनए प्लॉट किंवा शहरातली मिळकत हवी असते. मशीन शॉपचा मालक कोण होणार हे अशा रीतीनं दोन पिढ्यांपूर्वी कुणी कुठं जागा घेतली यावर ठरतं. टॉलरन्स, म्हणजे मापातला अचूकपणा, कोण राखतो याचा रकाना त्या फॉर्मवर नव्हताच.

तुम्ही म्हणाल, कर्ज मिळालं असतं तर त्या फिटरनं खरंच वाढवलं असतं कशावरून? यावर अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांचं काम आहे. १९९८ साली अग्रक्रम कर्जासाठी, म्हणजे बँकांना जे द्यावंच लागतं त्या कर्जासाठी, लघुउद्योगाची गुंतवणूक मर्यादा ६५ लाखांवरून ३ कोटींवर गेली. अचानक काही मध्यम कारखाने स्वस्त आणि सक्तीच्या कर्जाच्या यादीत आले. २००० साली मर्यादा पुन्हा १ कोटीवर आणली, म्हणजे त्यातले काही बाहेर पडले. एका सरकारी बँकेच्या फायली घेऊन त्यांनी पाहिलं की नव्यानं आलेल्यांनी जास्तीचं कर्ज घेऊन नुसतं महागडं कर्ज फेडलं, की उत्पादन वाढवलं. विक्री वाढली होती. ते आधीपासून पैशावाचून अडलेले होते.

हमी योजना आहे, तीही सांगतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना विनातारण कर्जासाठी पत हमी निधी २००० सालापासून आहे. मर्यादा एप्रिल २०२३ पासून ५ कोटी आणि एप्रिल २०२५ पासून १० कोटी झाली. कागदावर आज तो फिटर नापास होणार नाही. पण शाखेतला अधिकारी अजून माझ्यासारखाच विचार करतो. हमी असली तरी खातं बुडालं की चौकशी त्याचीच होते, आणि बंगला गहाण असलेलं खातं बुडालं तर "नियमानुसार केलं होतं" म्हणता येतं. तरीही मागा. लेखी मागा आणि नकारही लेखी मागा. मी गेल्या दोन वर्षांत यातून चार-पाच प्रस्ताव पार पाडलेत, त्यामुळं अशक्य नाही.

आता अर्थशास्त्राच्या वर्गात फारसं न येणारा भाग. मशीनपेक्षा जास्त भांडवल माझ्या मते उधारीत चुकीच्या जागी पडलेलं असतं.

त्या टर्नरचीच उदाहरणादाखल फाईल घ्या. वर्षाची उलाढाल २१ लाख. नायक समितीच्या सूत्रानं बँक खेळत्या भांडवलासाठी उलाढालीच्या २० टक्के देते, म्हणजे ४ लाख २० हजार. हे सूत्र १९९० च्या दशकातलं, आणि त्यात गृहीत धरलंय की पैसा तीन महिन्यांत फिरून परत येतो. गिऱ्हाईक पैसे देतं एकशेवीस दिवसांनी. म्हणजे चार महिन्यांची बिलं, ७ लाख, कायम बाहेर. वर नव्वद दिवसांपलीकडची येणी बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे खात्यातून किती उचलता येईल त्या हिशेबात, धरत नाही, म्हणजे गिऱ्हाईक जितका उशीर करेल तितकं लिमिटही कमी. जीएसटी बिल केल्याच्या पुढच्या महिन्यात भरायचा, पैसे येवोत न येवोत. त्यानं काम दुप्पट केलं तर आणखी ७ लाख बाहेर अडकणार. तो मला म्हणाला होता, "ऑर्डर वाढली की माझ्या पोटात गोळा येतो." हे वाक्य तुमच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मला जास्त शिकवून गेलं.

आणि ते सात लाख कुणाकडं असतात? ज्या कंपनीला बँक आठ-नऊ टक्क्यांनी कर्ज द्यायला दारात उभी असते तिच्याकडं. चोवीस टक्क्यांनी उचलणारा माणूस नऊ टक्क्यांनी उचलणाऱ्याला बिनव्याजी पैसे वापरायला देतो. सरीचं पाणी उलटं, खालून वर चढतंय.

कायदा नाही असं नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे आहेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. सोळा वर्षांत हे व्याज मागून पुन्हा त्याच गिऱ्हाईकाची ऑर्डर मिळवलेला एकही शॉपवाला मला भेटलेला नाही. २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून आयकरात कलम ४३ब मध्ये भर पडली, सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. यानं थोडा फरक पडला, मार्चमध्ये फोन न करता पैसे आले असं काहींनी आनंदानं सांगितलं. पण माझ्याच एका अशिलाला त्याच्या मोठ्या गिऱ्हाईकाच्या खरेदी विभागातून गोड शब्दांत सुचवण्यात आलं की उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद, काढून टाकलीत तर "व्यवहार सोपा होईल". त्यानं काढली. मी विरोध केला होता. पण शेड त्याचं, जोखीम त्याची.

छोटं राहण्याबद्दल. अमेरिकेत साधारण चाळीस वर्षांचा कारखाना पाच वर्षांखालच्या कारखान्याच्या सातपटीहून जास्त माणसं लावतो. भारतात टिकून राहिलेले जुने कारखाने तेवढ्या काळात जेमतेम दुप्पट होतात. हे त्याच शिए-क्लेनो यांनी २०१४ साली दाखवलं. तुमच्या गल्लीत १९७० पासूनच्या पाट्या आहेत, माणसं मोजा, पटेल.

याचं उत्तर देताना सगळे कायद्यावर घसरतात. काही अंशी बरोबर आहे. लघुउद्योगांसाठी वस्तू राखून ठेवायचं धोरण १९६७ साली ४७ वस्तूंनी सुरू झालं, पुढं यादी आठशेच्या वर गेली, आणि शेवटच्या २० वस्तू २०१५ मध्ये निघाल्या. जवळजवळ पन्नास वर्षं आपण "मोठा झालास तर हे बनवायचं नाही" असं सांगत होतो. औद्योगिक विवाद कायद्यातली शंभर कामगारांची अट (तेवढे झाले की कामगारकपातीला सरकारची परवानगी) वर्तमानपत्रांत गाजायची, पण आपल्या शॉपना शंभर म्हणजे चंद्र. इथं दहा आणि वीस हे आकडे चालतात. दहाला ईएसआय, विसाला पीएफ. म्हणून मस्टरवर नऊ माणसं आणि चहाला सतरा कप, हे दृश्य तुम्हाला मी सांगायला नको.

पण मला कायद्यापेक्षा वाटणी जास्त दिसते. तीन भावांनी उभं केलेलं शॉप, सात मशिनं, एक चांगला पॅटर्न मेकर, एक सीएमएम, म्हणजे जॉब अचूक मोजायचं मशीन. मुलं मोठी झाली, वाटणी झाली. तीन शेड, तीन उद्यम नोंदण्या, दोन-तीन मशिनं प्रत्येकाला, आणि सीएमएम ज्याच्या वाट्याला आलं त्याच्याकडं आता मोजण्यासारखं काम नाही. उरलेले दोघं बाहेर पैसे देऊन जॉब मोजून आणतात. बाहेरचा मॅनेजर नेमून एकत्र का चालवलं नाही? कारण चेकवर सही परक्याला देणार कोण. मुंबईजवळच्या तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड कारखान्यांवर निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला होता. साठा नीट लावणं, बिघाडांची नोंद, दोषांचा हिशेब अशा साध्या गोष्टी सल्लागारांकरवी शिकवल्या, तर पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. त्यांनाही हेच आढळलं की कारखाना किती मोठा होणार हे घरात कर्ते पुरुष किती आहेत यावर बरंचसं ठरतं. घरातल्या मुलीला शॉप दिलं असतं तर काही घरांत हा प्रश्न सुटला असता, हे माझं मत, अभ्यासातलं नाही.

जमिनीचा मामला थोडक्यात. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळतो. ज्याला मिळाला आणि जमलं नाही त्यानं तो सोडावा असं कागदावर आहे, पण जागेचा भाव वाढत असेल तर एक पत्र्याचं शेड आणि एक लाईट कनेक्शन ठेवून थांबणं हाच धंदा होतो. हस्तांतरण शुल्क भरून घेणारा मग मशीनसाठी ठेवलेला पैसा जागेत घालतो. विजेचं काय ते फाउंड्रीवाल्यांना विचारा. शेतीची वीज खर्चाहून खाली आणि उद्योगाची वर ठेवून भरपाई करायची, ही आपली जुनी पद्धत. एक टन लोखंड इंडक्शन भट्टीत वितळायला साधारण ६०० युनिट लागतात, तिथं दर युनिटचा एक रुपया म्हणजे टनामागं सहाशे रुपये. म्हणून वर्षानुवर्षं रात्रीच्या सवलतीच्या वेळेत हीट, म्हणजे भट्टीचे घाणे, घेतल्या आणि मोल्डर झोपेनं पेंगतोय म्हणून रिजेक्शन वाढवून घेतलं. सबसिडीबद्दल एवढंच की ती नव्या गुंतवणुकीवर मोजली जाते, जुन्या मशीनच्या वापरावर नाही. शेजारच्या शेडमध्ये व्हीएमसी रिकामं असताना नवं घेणाऱ्याला ती मिळते.

एक सावधगिरी, कारण तुम्ही विद्यार्थी आहात आणि हे आकडे कुठंतरी लिहाल. सगळा फरक म्हणजे चुकीचं वाटप नव्हे. आज घेतलेलं मशीन पहिले सहा महिने कमीच देतं, फिक्स्चर, म्हणजे जॉब धरायची पकड, बसेपर्यंत. ट्रॅक्टरचं शेड्यूल वरखाली होतं, म्हणून थोडी मोकळी क्षमता ठेवणं शहाणपणाचंही असतं. २०१९ साली वाहनांचा धंदा बसला तेव्हा सगळ्यांचेच स्पिंडल थंड होते, त्या वर्षी मोजलं असतं तर भलतंच दिसलं असतं. पुस्तकातले आकडे आणि खरे आकडे यांतला फरक तर मी लिहीतच नाही. नंतरच्या अर्थतज्ज्ञांनीही दाखवलंय की असल्या फरकाचा मोठा वाटा मागणीच्या चढउतारातून आणि आकडेवारीतल्या चुकांतूनही येतो. ४० ते ६० टक्के हा आकडा मी वरची बाजू म्हणून वाचतो. पण दहा पैसे आणि चाळीस पैसे यांतला फरक फिक्स्चरनं भरून निघत नाही.

आता वडिलांचे चौदा तास. तुमच्या प्रश्नात मला हेच महत्त्वाचं वाटलं, आणि यावर कुठला अभ्यास माझ्याकडं नाही, फक्त अनुभव आहे. पुढच्या सुट्टीत घरी आलात की एक वही घ्या. डाव्या पानावर प्रत्येक मशीनचे स्पिंडलचे तास, उजव्या पानावर वडिलांचे तास. पेमेंटसाठी गिऱ्हाईकाच्या गेटवर किती वेळ, बँकेत स्टॉक स्टेटमेंट घेऊन किती, टेम्पोमागं किती, ऑपरेटर आला नाही म्हणून त्याच्या घरी किती, लाईट गेल्यावर बाकड्यावर किती, आणि मशीनसमोर सेटिंगला किती. मी ज्या शॉपमध्ये हे करायला लावलं तिथं मालक गावातला नावाजलेला सेटर होता, त्याच्या हाताखाली तयार झालेली पोरं आज पुण्यात चाकणला सेटर आहेत. त्याची वही भरली तेव्हा चौदातले सव्वादोन तास मशीनसमोर निघाले. बाकीचे तास वसुलीत, रांगेत आणि फोनवर. त्यानं वही दोनदा उलटून बघितली, मग धाकट्या भावाच्या बायकोला विचारलं, ती बी.कॉम. होती, बँकेचं आणि वसुलीचं बघशील का. ती आता ते बघते, आणि पर्चेस ऑर्डरवर ४५ दिवसांची अट छापून घेतल्याशिवाय माल सोडत नाही.